‘चालते व्हा आमच्या मुलखातून!’

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत केलेले भाषण)

अध्यक्ष महाराज, आणि औत, माग, भाता, चाक बाजूस ठेवून येथे जमलेल्या बंधुभगिनींनो,

आज आम्हांस जे सांगावयाचे आहे ते सातासमुद्रापलीकडचे आहे. तुमच्यापैकी कोणी म्हणेल, ‘अहो, आमच्या विहिरीस पाणी नाही, मालास भाव नाही, आणि तुम्ही अमेरिकेतल्या लोकांची गाऱ्हाणी कसली सांगता?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

एक तर परदेश आता राजेरजवाड्यांच्या व बॅरिस्टरांच्या मुलांचाच राहिलेला नाही. कुणब्याची, माळ्याची, सुताराची पोरेपोरी आज कर्ज काढून, प्रसंगी शेत गहाण टाकून तिकडे शिकावयास व पोटास जातात. तेथे रस्त्यात त्यांस जे ऐकावे लागते ते ती घरी फोनवर सांगत नाहीत. आईबापांस घोर लागेल म्हणून आतल्या आत गिळतात. दुसरे असे की, रोग आपल्या ओळखीचा आहे. माणूस कोणाच्या पोटी आला एवढे पाहून त्याची किंमत ठरवावयाची, हा तो रोग. आपल्या वाडवडिलांनी तो सोसला. आणि खरे बोलावयाचे तर त्यांतल्या पुष्कळांनी तो आपल्याहून खालच्या म्हटलेल्यांस देऊही केला. ज्याने हा ताप अंगावर काढला आहे, त्याने दुसऱ्याच्या कपाळास हात लावून पाहिला तर त्यास तो लगेच ओळखू येईल.

ह्या रोगास तिकडे वर्णद्वेष म्हणतात. चीन, जपान, कोरिया, फिलिपाईन्स, व्हिएतनाम आणि आपला हिंदुस्थान, अशा आशिया खंडातल्या मुलखांतून गेलेले लोक व त्यांची मुलेनातवंडे आज अमेरिकेत दोन कोटींहून अधिक आहेत. कित्येकांचे पणजोबा तिकडे गेले. ह्यांचा जन्म तिकडला, भाषा तिकडली, कर ते तिकडे भरतात. तरी चेहरा निराळा म्हणून जन्मभर पाहुणे! शाळेत पोर डबा उघडते तो शेजारची पोरे नाक धरतात. कोणी बोटांनी आपल्या डोळ्यांच्या कडा ओढून वाकुल्या दाखवितो. मास्तर हजेरी घेताना नावापाशी अडखळतो आणि शिकून घेण्याऐवजी ‘तुला एखादे सोपे नाव देऊ या’ असे म्हणतो. आगगाडीत शेजारी बसलेला मनुष्य विचारतो, ‘तू कुठला?’ हा सांगतो, ‘ह्याच गावचा.’ ‘ते नव्हे रे, खरा कुठला?’

हा ‘खरा कुठला’ तुम्हांस ओळखीचा वाटला की नाही? आपल्याकडे नवा मनुष्य भेटला म्हणजे आधी नाव विचारतात. त्याने समाधान होत नाही, तेव्हा आडनाव. तेवढ्यानेही उलगडा झाला नाही तर गाव. आणि शेवटी खालच्या सुरात, ‘म्हणजे आपण कोणांपैकी?’ प्रश्न तोच आहे, बोली तेवढी निराळी.

दुसरा एक प्रकार तर मधात घोळलेल्या विषासारखा आहे. तिकडे म्हणतात, ‘हे आशियाई लोक पाहा, कसे मुकाट्याने कष्ट करतात, पोरांस शिकवितात, तक्रारीचा एक शब्द काढीत नाहीत!’ ऐकणाऱ्यास बरे वाटते. पण 1960 नंतरच्या दहा वर्षांत, काळे लोक आपले हक्क मागण्यास रस्त्यावर उतरले होते नेमक्या त्याच वेळी, ही स्तुती फार वाढली. तिच्या पोटातला अर्थ असा की, हे गप्प बसतात, मग तुम्हीच का ओरडता? म्हणजे एका भावाच्या पाठीवर शाबासकीची थाप मारावयाची ती दुसऱ्यास काठी हाणण्यासाठी. आणि शाबासकी मिळालेल्याने उद्या तोंड उघडले की तीच काठी त्याच्यावर. आपल्यातल्या शिकलेल्या पोरास कोणी प्रेमाने म्हणतो, ‘तू त्यांच्यातला वाटत नाहीस हो!’ तीच ही जात. अशा स्तुतीने जो फुगला, तो आपल्याच माणसांस लाजू लागला असे समजावे.

आता कोणी शहाणा म्हणेल, ‘अहो, चार शब्द बोलले तर अंगास भोके पडत नाहीत. सोडून द्यावे.’ त्या शहाण्यास आम्ही हरळी दाखवितो. वरून पाहावी तर दोन बोटे हिरवे गवत. पण तिची काशी किती खोल गेली आहे ते नांगर धरणाऱ्यास विचारा. हिणवण्याच्या शब्दाखाली काय काय रुजते, ते अमेरिकेच्या शेतातच आपण खणून पाहू.

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी त्या देशाच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा लोहमार्ग बांधला गेला. पश्चिमेकडचा डोंगरी भाग बहुतांशी चिनी मजुरांनी फोडला. सिएरा नेवाडा पर्वताचा काळा खडक, हाडे गोठविणारे बर्फ, आणि हातात घण व सुरुंगाची दारू. गोऱ्या मजुरास पगाराशिवाय खाणेपिणे मिळे. चिन्यास ते पदरचे करावे लागे. 1867 च्या जून महिन्यात हजारो चिनी मजुरांनी काम बंद करून सारखा पगार व कमी तास मागितले. कंपनीने त्यांचा शिधा तोडला आणि आठवड्याभरात संप मोडला. 10 मे 1869 रोजी लोहमार्ग पुरा झाला. पुढे मंदी आली, तसा गोऱ्या मजुरांस कोणी शिकविले की तुमच्या पोटावर पाय देणारा मालक नव्हे, तर हा शेंडीवाला चिनी आहे. ‘चिन्यांनो, चालते व्हा!’ ही आरोळी गावोगाव उठली. 1882 साली तिचाच कायदा झाला आणि चिनी मजुरांस देशाचे दार बंद झाले. 1885 साली वायोमिंग प्रांतातल्या रॉक स्प्रिंग्ज येथे जमावाने 28 चिनी खाणमजूर मारिले व त्यांची घरे जाळिली. एकाही मारेकऱ्यास शिक्षा झाली नाही. तो कायदा उठण्यास 1943 साल उजाडावे लागले. पाहिलेत? आधी टवाळी, मग आरोळी, मग कायदा, मग आग. मालकाने कमी मजुरी दिली ती दोघांसही. पण भांडले ते दोघे एकमेकांशी, आणि मालक सुखाने झोपला.

परंतु, बंधूंनो, सगळेच मान खाली घालून बसले नाहीत. आता जी गोष्ट सांगतो ती आमच्या परीट बांधवांनी विशेष लक्ष देऊन ऐकावी.

सॅन फ्रान्सिस्को शहरात चिनी लोकांनी कपडे धुण्याचा धंदा धरिला होता. शहरात सुमारे 320 धुलाईची दुकाने, त्यांतली सुमारे 240 चिन्यांची. आणि सगळ्या शहराप्रमाणे दुकानेही बहुतेक लाकडी. 1880 साली नगराच्या कारभाऱ्यांनी ठराव केला की लाकडी इमारतीत धुलाईचे दुकान चालवावयाचे तर आमचा परवाना पाहिजे. कारण काय, तर आगीची भीती. ठरावात चिनी हा शब्दच नाही! वाचणाऱ्यास वाटावे, काय हा शहराच्या जिवाचा कळवळा! पण परवाने मागावयास गेल्यावर काय झाले? सुमारे 200 चिन्यांनी अर्ज केले, ते सगळे नामंजूर. इतर 80 च्या आसपास लोकांनी अर्ज केले, त्यांतला एक वगळून सारे मंजूर. लाकूड तेच, विस्तव तोच, पाणी तेच. चेहरा तेवढा निराळा. यिक वो ह्या नावाचे एक दुकान त्याच जागी 22 वर्षे चालले होते, आगीच्या व आरोग्याच्या अंमलदारांचे दाखले त्याच्यापाशी होते. तरी त्याच्या धन्यास 10 डॉलर दंड झाला, आणि तो न भरल्यामुळे कैद.

मग त्या परिटांनी काय केले? त्यांची तुंग हिंग तोंग नावाची धंद्याची पंचायत होती. तिने वर्गणी जमविली, वकील दिले, आणि दुकाने बंद न करता भांडण थेट देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत नेले. 10 मे 1886 रोजी सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की, कायदा कागदावर सरळ दिसला तरी त्याचा अंमल वाकड्या हाताने होत असेल तर तो कायदा नव्हे, अन्याय होय. आणि कायद्याचे संरक्षण त्या भूमीवर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसास आहे, मग तो तेथला नागरिक असो वा नसो.

हा निकाल कशाच्या बळावर लागला? अमेरिकेत काळ्या लोकांची गुलामगिरी मोडल्यानंतर, 1868 साली, सर्व माणसांस कायद्याचे सारखे संरक्षण देणारी दुरुस्ती त्या देशाच्या घटनेत झाली होती, तिच्या बळावर. ती झाली काळ्यांच्या रक्ताघामाने, आणि तिची सावली मिळाली चिनी परिटास. आपल्या जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले, ते अमेरिकेतल्या गुलामांस मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केले होते. पुण्यास बसून त्यांस दूरचे हे नाते दिसले. एकाच्या बांधावर लावलेल्या झाडाची सावली शेजारच्या शेतातही पडते, हे ज्यास कळले त्यास सत्यशोधकपण कळले असे आम्ही म्हणतो.

आता ह्याच्या उलट गोष्ट ऐका. ती आपल्या हिंदी माणसाची आहे, म्हणून अधिक बोचणारी आहे.

भगतसिंग थिंद नावाचे एक पंजाबी शीख गृहस्थ 1913 साली अमेरिकेत गेले. पहिल्या महायुद्धात ते फेटा बांधून अमेरिकेच्या पलटणीत राहिले. त्यांनी नागरिकत्व मागितले. त्या वेळचा कायदा असा की परदेशातून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्या माणसास, व 1870 नंतर आफ्रिकी वंशाच्या माणसास, नागरिक होता येई. दार अरुंद होते, ही गोष्ट खरी. दोष सगळा थिंदांचा नव्हे. पण त्या दारातून शिरण्यासाठी त्यांच्या बाजूने काय सांगण्यात आले ते पाहा. आम्ही उच्च जातीचे आर्य; आमच्यात जातीचे बंधन कडक, म्हणून रक्त शुद्ध; आणि तुम्ही गोरे जसे नीग्रोशी सोयरीक करीत नाही, तसे आम्हीही आमच्या मुलखातल्या मूळच्या रहिवाशांशी करीत नाही! म्हणजे, बंधूंनो, आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांच्या पाठीवर पाय देऊन गोऱ्यांच्या पंगतीस पाट मागितला. 19 फेब्रुवारी 1923 रोजी निकाल लागला. न्यायाधीश म्हणाले की, तुमचे ते आर्यपण पुस्तकात राहू द्या. रस्त्यावरचा साधा माणूस ज्यास गोरा म्हणतो तोच गोरा. पाट मिळाला नाही. उलट ज्या हिंदी लोकांस आधी नागरिकत्व मिळाले होते, त्यांतल्या पुष्कळांचे ते काढून घेण्यात आले. वैष्णोदास बागाई नावाचे दुकानदार त्यांतलेच एक. पूर्वी एकदा बर्कले गावी घर घेऊन बायकामुलांसह ते राहावयास गेले, तो शेजाऱ्यांनी ह्यांस आत पाऊल टाकता येऊ नये म्हणून घरासच कुलूप घातले होते. नागरिकत्व गेल्यावर मालमत्ता गेली, मायदेशी जाण्यास अमेरिकेचा पासपोर्टही मिळेना. 1928 साली त्यांनी जीव दिला. त्यांची पत्नी कला बागाई मात्र खचली नाही. तीन मुले वाढवून ती पुढे तिकडच्या हिंदी लोकांचा आधार झाली. आणि ज्या बर्कलेत तिच्या घरास कुलूप लागले होते, तेथल्या एका रस्त्यास आज तिचे नाव आहे.

परिटांनी मागितले की माणूस म्हणून सर्वांस सारखा न्याय द्या, आणि ते जिंकले. त्यांचा विजय पुढे किती तरी दुबळ्यांच्या कामी आला. दुसऱ्यांनी मागितले की आम्हांस वरच्या पायरीवर घ्या, आणि ते हरले. आणि जिंकते तरी त्यांच्याखेरीज कोणाचेच भले होते ना. आजच्या भाषणातले हे एवढे जरी तुम्ही गाठीस बांधून नेले तरी पुरे. शिडीवर वरची पायरी मागू नका. शिडीच मोडा.

आता अलीकडे येऊ. 1982 साली डेट्रॉइट शहराजवळ व्हिन्सेंट चिन नावाचा 27 वर्षांचा तरुण होता. नकाशे काढण्याचे काम करी, आणि लग्न आठ दिवसांवर आलेले. त्या काळी जपानी मोटारींचा खप वाढून तिकडल्या कारखान्यांतले मजूर कामावरून निघत होते. एका दारूच्या गुत्त्यात मोटार कारखान्याच्या एका मुकादमाने त्यास पाहिले व ‘तुमच्यामुळे आमचे काम गेले’ असे म्हणून भांडण काढले. मग त्याने व त्याच्या सावत्र मुलाने त्यास गाठून चेंडूफळीच्या दांडूने डोके फोडले. चार दिवसांनी तो मेला. तो जपानी नव्हता, चिनी होता. मोटारींशी त्याचा काय संबंध? पण वर्णद्वेष पत्ता विचारून येत नाही. जे पाहुणे लग्नास यावयाचे ते मौतीस आले. आणि शिक्षा काय झाली? तीन वर्षे चांगल्या वर्तनाची हमी व तीन हजार डॉलर दंड. एक दिवसाची कैद नाही!

त्याची आई लिली चिन. नवरा नुकताच वारलेला, वाढविलेला मुलगा असा गेलेला, इंग्रजी धड बोलता येत नाही. अशी ती माऊली गावोगाव सभांतून उभी राहिली व आपल्या मुलासाठी न्याय मागू लागली. चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो हे लोक तोवर एकमेकांपासून फटकून असत; ते एका मांडवाखाली आले. काही काळी मंडळीही त्यांच्या बाजूस उभी राहिली. खटला पुन्हा चालला, एकदा शिक्षा झाली, वर ती रद्द झाली, आणि अखेर मारेकरी सुटले. 1987 साली ती माऊली चीनला परत गेली. तिच्या पदरात न्याय पडला नाही. पण आपण सारे एक आहोत ही जाग तिने मागे ठेविली.

त्याच 1987 साली जर्सी सिटी गावात काय झाले ते आमच्या भगिनींनी ऐकावे. तेथे हिंदी लोकांची वस्ती वाढली होती. एका टोळक्याने स्थानिक वर्तमानपत्रास पत्र लिहून धमकी दिली की, हिंदी लोकांस येथून हाकलून लावू. रस्त्यात बाई दिसली की तिला गाठू. टोळीचे नाव त्यांनी कशावरून ठेविले होते? आमच्या बायकांच्या कपाळावरच्या कुंकवावरून! ज्या कुंकवास आपण सौभाग्य म्हणतो, ते त्यांनी नेम धरण्याची खूण केली. त्याच वर्षी शेजारच्या होबोकन गावात नवरोज मोदी नावाच्या हिंदी गृहस्थास पोरांच्या टोळक्याने मारून मारून ठार केले. हिंदी विद्यार्थी व दुकानदार रस्त्यावर उतरले, तेव्हा कोठे सरकारला जाग आली. आणि 1990 साली त्या राज्यात अशा द्वेषाच्या गुन्ह्यांसाठी कायदा कडक झाला.

मग 2020 साली कोरोना आला. रोग चीनमधून निघाला म्हणून राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प त्यास उघड उघड चिनी रोग म्हणू लागले. वरून असा शब्द आला म्हणजे खालच्यांची जीभ सैल होते. लोक आशियाई चेहऱ्यावर थुंकू लागले, म्हाताऱ्यांस ढकलू लागले. त्या मार्च महिन्यातच काही मंडळींनी अशा प्रकारांची नोंदवही उघडिली. दोन वर्षांत तीत सुमारे साडेअकरा हजार नोंदी झाल्या; त्यांतल्या बहुतेक शिव्याशापांच्या, हिणवण्याच्या. आणि 16 मार्च 2021 रोजी अटलांटाच्या परिसरात एकाने गोळ्या घालून आठ जणांस मारले, त्यांत सहा आशियाई बायका होत्या, पोटासाठी राबणाऱ्या.

पण त्याच्या दुसऱ्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत काय घडले तेही ऐका. 75 वर्षांची एक चिनी आजी रस्त्याच्या कडेस उभी होती. एका धटिंगणाने येऊन तिच्या तोंडावर ठोसा मारला. आजीने हाती लागले ते लाकूड उचलून त्यास असे झोडपले की त्यासच पालखीत घालून न्यावे लागले! तिच्या औषधपाण्यासाठी लोकांनी पैसे पाठविले ते जवळजवळ दहा लाख डॉलर झाले. आजी म्हणाली, हे माझ्या एकटीचे नव्हेत. आणि तिने ती सारी रक्कम वर्णद्वेषाशी लढण्याच्या कामास देऊन टाकली.

आता खरा प्रश्न असा की प्रत्येक आजीच्या हाताशी लाकूड असतेच असे नाही. मग बघणाऱ्यांनी काय करावे? दोन चित्रे तुमच्यापुढे ठेवितो. 29 मार्च 2021 रोजी न्यू यॉर्कमध्ये एका 65 वर्षांच्या फिलिपिनो बाईस भर रस्त्यात खाली पाडून लाथा घातल्या. समोरच्या इमारतीच्या दारात नोकर उभे होते. त्यांनी काय केले? दार लावून घेतले. हे एक चित्र. दुसरे 22 फेब्रुवारी 2017 चे. कॅन्सस राज्यातल्या ओलेथ गावी दोन हिंदी इंजिनीअर एका गुत्त्यात बसले होते. एकाने ‘माझ्या देशातून चालते व्हा’ असे ओरडून गोळ्या झाडल्या. श्रीनिवास कुचिभोतला हे ठार झाले, सोबती जखमी झाला. तेथे बसलेला एक गोरा तरुण, नात्याचा ना गोत्याचा, त्या मारेकऱ्यास धरावयास धावला आणि त्याने ती गोळी आपल्या हातावर व छातीवर घेतली. तो वाचला. पुढे तिकडच्या हिंदी लोकांनी घर घेण्यासाठी त्यास एक लाख डॉलर जमवून दिले. दार लावणारे आणि धावणारा, दोघेही आपणांतच असतात. आपण कोणता व्हावयाचा, हे आधी मनाशी ठरविले नाही तर ऐन वेळी हात आपोआप कडीकडे जातो.

प्रत्येकाने गोळी झेलावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तिकडच्या मंडळींनी ह्या कामाचे वर्गच चालविले व पाच साध्या तऱ्हा शिकविल्या. पहिली, लक्ष दुसरीकडे वळविणे. छळणाऱ्याकडे पाहूच नये. ज्यास तो छळतो त्याच्याजवळ जाऊन ‘अहो, ही गाडी कुठे जाते?’ असे काहीही विचारावे व त्यास बाजूस घ्यावे. दुसरी, मदत आणणे. गाडीचा कंडक्टर, दुकानाचा मालक, चार धडधाकट माणसे यांस हाक मारावी. तिसरी, पुरावा ठेवणे. कोणी मदत करीत असेल तर मोबाइलवर चित्र घ्यावे, वेळ व जागा लिहून ठेवावी. पण ते चित्र ज्याचा अपमान झाला त्याच्या हाती द्यावे, त्यास न विचारता जगभर पसरवू नये. चौथी, मागाहून विचारपूस. ‘झाले ते आम्ही पाहिले. ते वाईट होते. घरापर्यंत सोबत येऊ का?’ हे तीन वाक्यांचे औषध फार मोलाचे आहे, कारण अपमानापेक्षा अधिक लागते ते भोवतालच्यांचे गप्प राहणे. पाचवी, तोंडावर अडविणे. धोका नाही असे पाहून ठाम पण थोड्या शब्दांत ‘असे बोलू नका’ म्हणावे, आणि वाद वाढवू नये. ओकलंडच्या चिनी वस्तीत तर तरुण मुले, त्यांत सगळ्या वर्णांची, म्हाताऱ्यांस बाजारात हात धरून नेऊ-आणू लागली. ह्या कामास ना सरकार लागते ना पैसा.

आणि ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांस एक विनंती. ‘गप बस, आपण परक्या मुलखात आहोत’ असे फोनवर शिकवू नका. विचारा, ‘तुला कोणी काही बोलते का?’ झालेले घरी सांगण्यात लाज नाही. लाज बोलणाऱ्याची आहे. दिवस, वेळ, जागा, साक्षीदार लिहून ठेवावयास सांगा, शाळेत वा पोलिसांत तक्रार करावयास सांगा, आणि एकट्याने सोसू नको, आपल्यासारखे आणखी शोध, असे सांगा. परिटांची पंचायत आठवा.

येथवर टाळ्या वाजविल्यात. आता थोडे आपल्याच अंगणात पाहू, आणि येथे टाळ्या नकोत.

आपल्याच देशाच्या ईशान्येकडची मुले, अरुणाचलची, मणिपूरची, नागालँडची, मिझोरामची, पुण्यामुंबईस शिकावयास व हॉटेलांत, दुकानांत, दवाखान्यांत काम करावयास येतात. त्यांचे डोळे पाहून त्यांस काय म्हणतात ते तुम्हीही ऐकले आहे, आणि आमच्यातल्या पुष्कळांनी म्हटलेही आहे. घर भाड्याने देताना ‘काय शिजवता?’ असे विचारतात. ‘खरे कुठले?’ हाही प्रश्न आहेच. 2012 च्या ऑगस्टमध्ये अफवा उठल्या, पुण्यात अशा काही मुलांवर हल्ले झाले, आणि ती घाबरी मुले मिळेल त्या गाडीने घरी पळाली. 29 जानेवारी 2014 रोजी दिल्लीत निडो तानिया नावाच्या अरुणाचलच्या कोवळ्या पोराच्या केसांची दुकानात टवाळी झाली. त्याने राग दाखविला, तर त्यास मारले, आणि दुसऱ्या दिवशी तो मेला. सरकारने बेझबरुआ समिती नेमली, तिने त्याच वर्षी अहवाल दिला. तरी 2020 साली कोरोना येताच ह्याच मुलांस लोक रोगाच्या नावाने हाका मारू लागले, आणि केंद्र सरकारच्या गृहखात्यास सगळ्या राज्यांस पत्र धाडावे लागले. मग अमेरिकेतला तो आगगाडीतला मनुष्य आणि आपल्या गल्लीतला मनुष्य, दोघांत फरक काय राहिला?

1962 साली चीनशी लढाई झाली तेव्हा आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांस, बायकापोरांसह, राजस्थानात देवळी येथे कोंडून ठेविले होते. त्यांचा गुन्हा चेहऱ्याचा. आणि ह्याच चिनी लोकांची शुश्रूषा करावयास सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 साली गेले व 1942 साली तेथेच देह ठेविला. त्यांनी जखमी माणसाचे डोळे कसे आहेत ते पाहिले नाही, जखम पाहिली.

आणखी एक. अमेरिकेत गेलेल्या आपल्या काही लोकांनी सामानात जातही नेली. गोऱ्याने भेद केला तर दाद मागावयाची, आणि कचेरीत आपल्याच देशाच्या माणसाची जात चाचपून त्यास दूर ठेवावयाचे! म्हणून 21 फेब्रुवारी 2023 रोजी सिएटल शहराच्या नगरसभेस जातिभेदास बंदी करणारा ठराव करावा लागला. शंभर वर्षांपूर्वी थिंदांच्या दाव्यात जी शिडी दाखविली गेली, ती अजून मोडली नाही. ज्या हाताने आपण न्याय मागतो, त्याच हाताने दुसऱ्याचा गळा धरता येत नाही. दोन्ही कामे एका हाताने होत नाहीत, बंधूंनो. एक सोडावे लागते.

म्हणून येथून उठताना आम्ही तुमच्यापाशी तीन गोष्टी मागतो. घरात पोरे कोणाच्या डोळ्यांवरून, रंगावरून, बोलीवरून टवाळी करतील तर त्यांस हसू नका, तेथेच थांबवा; हरळी कोवळी असतानाच उपटावी. गावात वा शहरात कोणी परक्या चेहऱ्याचा येईल तर त्याचे नाव विचारा आणि ते नीट उच्चारावयास शिका. त्याचे ‘खरे गाव’ शोधत बसू नका. आणि डोळ्यांदेखत कोणाचा अपमान झाला तर दार लावू नका. एवढे केलेत तर तिकडे आपल्या लेकराच्या बाजूने कोणी परका उभा राहील अशी आशा धरण्याचा हक्क आपणांस पोचेल. एकाच निर्मिकाची लेकरे आपण सारी. कोणाच्या मुलखातून कोणास चालते करण्याचा ताम्रपट त्याने कोणास दिलेला नाही.

आमचे बोलणे संपले. मागच्या बाकावर दोन मुले मघापासून बसली आहेत, ती ईशान्येकडून येथे तालुक्याच्या गावी कामास आली आहेत. त्यांस पुढे येऊ द्या, चहा आधी त्यांस द्या, आणि त्यांची नावे त्यांच्याच तोंडून ऐका.